घरातल्या विजेचे गणित : प्रस्तावना

स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी महाराष्ट्रातून दिल्लीला येणारी मुलेमुली बहुधा ओल्ड राजिंदर नगर, करोल बाग, पटेल नगर किंवा मुखर्जी नगर इथल्या लहानशा खोल्यांत राहतात. मे-जूनमध्ये त्या खोलीत कूलर किंवा एसी चालतो. जानेवारीत बादलीत पाणी तापवायचा रॉड येतो आणि पायाशी ब्लोअर. भिंतीवरचा बोर्ड मात्र एकच असतो, आणि तो कोणी, कधी, कोणत्या तारेने बसवला हे घरमालकालाही ठाऊक नसते. ही पुस्तिका पहिल्यांदा या मुलांसाठी लिहिली आहे, आणि मग नोकरीनिमित्त नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद, फरिदाबाद इथे भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी. विषय लहान आहे. व्होल्ट आणि अँपिअर हे दोन आकडे हाताशी असले, तर त्यांतून रोध आणि शक्ती कशी काढायची आणि निघालेल्या आकड्याचा अर्थ कसा लावायचा, एवढाच.

विषय लहान असला तरी प्रसंग लहान नाही. १५ जून २०२३ रोजी मुखर्जी नगरातल्या कोचिंग क्लासच्या इमारतीला आग लागली आणि विद्यार्थी खिडक्यांतून दोर आणि तारा धरून खाली उतरले. ती दृश्ये महाराष्ट्रातल्या अनेक आईबापांनी श्वास रोखून पाहिली. आगीची सुरुवात इमारतीतल्या विजेच्या मीटरपाशी झाल्याचे पोलिसांनी सांगितले होते. अशा प्रत्येक बातमीत पुढे 'शॉर्ट सर्किट' हे दोन शब्द येतात आणि विषय तिथेच मिटतो. मला तो तिथे मिटू द्यायचा नाही. तार का तापते, जोड का जळतो आणि फ्यूज किंवा एमसीबी असूनही का जळतो, याचे उत्तर शाळेच्या पुस्तकातच आहे. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात 'धाराविद्युत' हा पाठ आहे आणि दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम'. त्यांतली सूत्रे मुलांना तोंडपाठ असतात. ती भिंतीतल्या तारेला लावून पाहायची सवय मात्र कोणी लावत नाही.

नियम दोनच. व्होल्टना अँपिअरने भागले की ओहम मिळतात, म्हणजे रोध. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात, म्हणजे शक्ती. २००० वॅटचा गिझर घ्या. आपल्याकडे घरातला पुरवठा २३० व्होल्टचा. २००० ला २३० ने भागले की ८.७ अँपिअर, आणि २३० ला ८.७ ने भागले की साधारण २६.५ ओहम. पहिला आकडा सांगतो की हे यंत्र ६ अँपिअरच्या बारीक पिनेच्या सॉकेटसाठी नाही. दुसरा आकडा गिझरच्या आतल्या कॉइलची ओळख आहे.

या दोन नियमांतून आणखी दोन रूपे निघतात. व्होल्टचा वर्ग भागिले रोध, हीही शक्तीच. अँपिअरचा वर्ग गुणिले रोध, हीही शक्तीच. इथे विचार करणारा विद्यार्थी अडखळतो, आणि त्याने अडखळायलाच हवे. पहिल्या रूपात रोध छेदात आहे, म्हणजे रोध वाढला की शक्ती घटते. दुसऱ्या रूपात रोध अंशात आहे, म्हणजे रोध वाढला की शक्ती वाढते. मग खरे काय? पुष्कळ जण हा प्रश्न परीक्षेपुरता बाजूला सारतात आणि तो आयुष्यभर बाजूलाच राहतो. माझ्या मते या विषयाचा सगळा जीव याच प्रश्नात आहे. दोन्ही रूपे खरीच आहेत. कोणते कुठे वापरायचे हे ठरवण्याआधी एक गोष्ट विचारायची: या ठिकाणी स्थिर काय आहे? दाब, म्हणजे व्होल्ट, की धारा, म्हणजे अँपिअर?

हाच प्रश्न ज्याचे नाव या नियमाला आहे त्यालाही पडला होता. गेऑर्ग सिमॉन ओहम हे कलोन शहरातल्या शाळेत शिक्षक होते. १८२५ मध्ये त्यांनी तारेची लांबी आणि धारेचा परिणाम यांचे एक सूत्र छापले, ते चुकीचे निघाले. त्यांच्या रासायनिक घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरत होता, त्यामुळे तारेमुळे झालेला बदल कोणता आणि घटामुळे झालेला कोणता हे वेगळे काढता येत नव्हते. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी घट सोडून उष्मायुग्म घेतले. बिस्मथ आणि तांबे यांचा जोड, एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात. पाणी उकळते आहे आणि बर्फ वितळतो आहे तोवर दोन टोकांच्या तापमानांतला फरक बदलत नाही, म्हणून दाबही बदलत नाही. मग त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारा जोडून धारा मोजली आणि १८२६ मध्ये खरा नियम हाती आला. १८२७ च्या ग्रंथात तो सविस्तर मांडला. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिले ते १८४१ मध्ये, आणि त्याच वर्षी जेम्स जूल यांनी तारेतली उष्णता धारेच्या वर्गाबरोबर वाढते हे मांडले. ओहमना यश मिळाले ते एक राशी पक्की धरून ठेवल्यावर. हा इतिहास सांगण्याचे कारण तेवढेच आहे.

आता आपल्या खोलीकडे या. बोर्डाला येणारा दाब जवळपास स्थिर आहे. म्हणून सॉकेटला लावलेल्या यंत्रासाठी पहिले रूप चालते. २६.५ ओहमचा गिझर २००० वॅटचा, तर ५३ ओहमचा हीटर १००० वॅटचा. रोध कमी, शक्ती जास्त. दाब उतरला तर काय होते हेही याच रूपातून दिसते. कडाक्याच्या थंडीत सगळ्या गल्लीत हीटर चालू असताना शेवटच्या घरात २०० व्होल्टच पोचले, तर २०० चा वर्ग भागिले २६.५ म्हणजे साधारण १५१० वॅट. दाब १३ टक्क्यांनी उतरला आणि शक्ती २४ टक्क्यांनी. १५ लिटर पाणी १० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला २३० व्होल्टवर २१ मिनिटे लागतात, २०० व्होल्टवर जवळपास २८. गिझर बिघडलेला नसतो.

पण गिझरपर्यंत जाणारी तार, तिचा स्क्रूखाली दाबलेला शेवट, सॉकेटमधली पितळी पट्टी यांना दुसरे रूप लागू होते. त्यांतून किती धारा जाणार हे त्यांनी ठरवलेले नसते, ते गिझरने ठरवलेले असते. तिथे धारा जवळपास स्थिर आहे, म्हणून तिथे रोध वाढला की उष्णता वाढते. स्क्रू सैल आहे, पट्टीवर काजळी धरली आहे आणि त्या एका जागी अर्धा ओहम रोध तयार झाला आहे असे धरा. मंडलाचा एकूण रोध २६.५ ऐवजी २७ ओहम होतो. धारा ८.७ वरून ८.५ अँपिअरवर येते. गिझर १९२५ वॅटच्या आसपास चालत राहतो, पाणी तापते, कोणाला काही कळत नाही. आणि त्या सैल स्क्रूपाशी, नखाएवढ्या जागेत, ३६ वॅट उष्णता निघत राहते. कथिल वितळवायची साधी सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते.

हा हिशेब मी वाचकांना पुन्हा एकदा, कागद-पेन घेऊन करायला सांगेन. कारण याच्यातच 'एमसीबी असूनही कसे जळले' याचे उत्तर आहे. एमसीबी जास्त धारा पाहून पडतो. इथे धारा वाढलेली नाही, उलट किंचित घटली आहे. आरसीसीबी जमिनीकडे गळणारी धारा पाहतो. इथे गळती नाही. दोन्ही रक्षक नीट काम करत आहेत आणि बोर्डाच्या आतले प्लास्टिक करपते आहे. त्या जागी उपयोगी पडतात त्या तीनच गोष्टी: डोळे, नाक आणि हे गणित.

दिल्लीने सैल जोडाची जबर किंमत मोजली आहे. १३ जून १९९७, ग्रीन पार्कमधले उपहार चित्रपटगृह, दुपारचा खेळ, 'बॉर्डर' चित्रपट. इमारतीच्या तळमजल्यावर पार्किंगलगत वीज मंडळाचा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर होता. त्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास त्याला आग लागून विझवली गेली होती. केबलच्या टोकांवरचे जळालेले दोन ॲल्युमिनियम सॉकेट बदलून दुपारच्या आत पुरवठा पुन्हा सुरू झाला. न्यायालयासमोर आलेल्या पुराव्यानुसार नवे सॉकेट क्रिम्पिंग मशीनने दाबले नव्हते, डाय आणि हातोड्याने ठोकून बसवले होते. जोड ढिला राहिला. संध्याकाळी पाचच्या सुमारास केबल निसटून ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरवर टेकली, ठिणग्यांनी रेडिएटरला भोक पडले, गरम तेल बाहेर आले आणि पेटले. धूर वर बाल्कनीत चढला. तिथले बंद मार्ग आणि जास्तीच्या खुर्च्या यांनी माणसांची सुटका रोखली. ५९ जण मृत्युमुखी पडले, शंभराहून अधिक जखमी झाले.

त्या जोडाचे गणित मांडून पाहा. तीन फेजचा १००० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ४१५ व्होल्टवर पूर्ण भार देतो तेव्हा प्रत्येक फेजमधून साधारण १३९० अँपिअर वाहतात. त्या धारेच्या वाटेत एक मिलिओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग, एवढाच रोध जोडात राहिला असे धरू. त्यावर पडणारा दाब १.४ व्होल्टसुद्धा नाही. पुरवठ्याच्या व्होल्टमीटरवर तो कोणाच्याही लक्षात येणार नाही. पण १३९० चा वर्ग करून हजाराने भागा: १९३० वॅट. मुठीत मावणाऱ्या जोडात एका गिझरएवढी उष्णता. त्या दिवशी नेमका किती भार होता याचा हा हिशेब नाही. ठोकून बसवलेले आणि दाबून बसवलेले सॉकेट डोळ्यांना सारखे दिसले तरी त्यांच्यातले अंतर किती, हे त्यावरून कळते. वायरमनच्या पिशवीत क्रिम्पिंगचे हत्यार असणे ही चैन नव्हे. ते आणायला वेळ लागतो म्हणून हातोडीवर भागवू देऊ नये.

धारेचा वर्ग हा शत्रू आहे हे वीज वाहून नेणाऱ्यांना फार आधी कळले, म्हणून ते धारा कमी ठेवण्यासाठी दाब वाढवतात. दिल्लीजवळच्या दादरीला रिहंदहून येणारी उच्चदाब एकदिश वाहिनी ८१६ किलोमीटर लांबीची आहे. ती १५०० मेगावॅट आणते, दोन ध्रुवांवर अधिक ५०० आणि उणे ५०० किलोव्होल्ट धरून. दोन ध्रुवांमधला दाब १० लाख व्होल्ट, म्हणून धारा फक्त १५०० अँपिअर. हीच शक्ती २३० व्होल्टवर आणायची म्हटली तर ६५ लाख अँपिअर लागतील, आणि तेवढी धारा पेलणारी तार टाकणे कोणालाच शक्य नाही. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला जाणारी वाहिनीही याच दाबाची आणि याच क्षमतेची आहे. त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाचकालाही हा हिशेब घरचाच वाटावा. १९ जून २०२४ रोजी दिल्लीची विजेची मागणी ८६५६ मेगावॅटवर गेली, तोवरचा उच्चांक. एवढी शक्ती बवाना, बामनौली, मंडोला अशा ४०० किलोव्होल्टच्या उपकेंद्रांतून शहरात उतरते आणि टप्प्याटप्प्याने दाब कमी होत, धारा वाढत, शेवटी आपल्या खोलीतल्या स्क्रूपाशी येते. साखळीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग तोच.

दिल्लीत राहणाऱ्यांनी अभिमानाने सांगावी अशी एक गोष्ट इथे नोंदवतो. व्होल्ट आणि ओहम यांची देशाची प्रमाणे दिल्लीतच, पूसा परिसरातल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत सांभाळली जातात. या संस्थेची पायाभरणी ४ जानेवारी १९४७ रोजी जवाहरलाल नेहरूंनी केली आणि पहिले संचालक होते के. एस. कृष्णन. तिथे व्होल्ट जोसेफसन परिणामातून आणि ओहम क्वांटम हॉल परिणामातून मिळवतात. दुसऱ्या परिणामात निसर्गच एक रोध देतो, २५८१२.८ ओहम, जो पदार्थावर किंवा नमुन्याच्या आकारावर अवलंबून नसतो. क्लाउस फॉन क्लित्झिंग यांना तो १९८० मध्ये सापडला आणि १९८५ चे नोबेल मिळाले. २० मे २०१९ पासून या दोन्ही परिणामांच्या मुळाशी असलेले इलेक्ट्रॉनचा प्रभार आणि प्लांक स्थिरांक यांच्या किमती जगभर नेमक्या ठरवून दिल्या आहेत. असा व्होल्ट आणि असा ओहम हाती आले की भागाकाराने अँपिअर निघतो. नववीच्या पाठातले सूत्र मापनशास्त्राच्या शिखरावरही तेच आहे, हे समजले तेव्हा मला फार आनंद झाला होता आणि तो अजून टिकून आहे.

आता मर्यादा. त्या न सांगता सूत्र हातात देणे धोक्याचे.

पहिली मर्यादा तापमानाची. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहमचा असतो. तोच थंड असताना मल्टिमीटरने मोजला तर त्याच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढाच रोध दाखवतो, कारण टंगस्टनचा रोध तापल्यावर वाढतो. थंड आकडा सूत्रात घातला तर बल्ब हजार वॅटच्या वरचा ठरेल. दुसरी मर्यादा मोटारीची. पंख्याच्या गुंडाळीचा रोध २०० ओहम भरला म्हणून कोणी व्होल्टचा वर्ग भागून २६४ वॅट काढले, तर ते चूक. साधा छतपंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. प्रत्यावर्ती धारेत गुंडाळीचे चुंबकत्व धारेला अडवते आणि तो अडथळा मल्टिमीटरच्या ओहममध्ये दिसत नाही. एसी, फ्रीज, कूलरचा पंप यांचेही तसेच. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर हे खऱ्या वॅटपेक्षा जास्त येते आणि त्याला पॉवर फॅक्टर या एकाहून लहान गुणकाने गुणावे लागते. तारेचा आकार ठरवताना मात्र पूर्ण अँपिअरच धरायचे, कारण तार तापते ती अँपिअरने, पॉवर फॅक्टरने नाही. गिझर, रॉड, इस्त्री, ब्लोअरची कॉइल यांना साधे सूत्र सरळ लागू होते. दिल्लीच्या खोल्यांत हिवाळ्यात भीती असते ती नेमकी यांचीच.

पुढच्या प्रकरणांत हे सगळे उदाहरणांनी येईल. कुठून सुरुवात करावी असे विचाराल तर एक प्रयोग सुचवतो. चांदणी चौकात भागीरथ पॅलेसचा बाजार आहे, एके काळची बेगम समरूची हवेली. तिथल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत प्लगमध्ये खोचायचा, व्होल्ट, अँपिअर आणि वॅट तिन्ही दाखवणारा मीटर मिळतो. १६ अँपिअरचा घ्या. उघड्या तारांना हात न लावता, बोर्ड न उघडता, तो सॉकेटमध्ये बसवा आणि त्यातून ब्लोअर लावा. ब्लोअर बंद असताना मीटर २२८ व्होल्ट दाखवतो, चालू केल्यावर २२५ व्होल्ट आणि ८.५ अँपिअर, असे धरू. तीन व्होल्ट वाटेत पडले. ३ ला ८.५ ने भागा: ०.३५ ओहम, हा तुमच्या सॉकेटपर्यंतच्या सगळ्या वाटेचा रोध. आता दुसऱ्या सॉकेटवर तेच करा. तिथे २२८ वरून २१९ व्होल्टवर आले आणि धारा ८.३ अँपिअर असेल, तर वाटेचा रोध १.०८ ओहम आणि वाटेत जळणारी शक्ती ९ गुणिले ८.३, म्हणजे ७५ वॅट. पहिल्या सॉकेटच्या वाटेत ती २५ वॅटच होती. त्याच घरात, त्याच मीटरमागे, हा ५० वॅटचा फरक कुठे तरी एका जागी गोळा होत असण्याची शक्यता मोठी आहे. ते सॉकेट वापरणे थांबवा. मीटर नसेल तर वीस मिनिटे हीटर चालवून, बंद करून, प्लग काढल्यावर त्याच्या पिना आणि सॉकेटचा चेहरा गरम आहे का ते पाहा.

आणि एक्स्टेंशन बोर्डाविषयी. १५०० वॅटचा रॉड आणि २००० वॅटचा ब्लोअर एकाच वायरीवर लावले की १५ अँपिअरच्या वर धारा जाते. बाजारातल्या स्वस्त एक्स्टेंशनची तार बहुधा पाऊण चौरस मिलिमीटरची असते आणि तिचा रोध किलोमीटरला २६ ओहम. पाच मीटरच्या वायरीत जाऊन-येऊन दहा मीटर तांबे, म्हणजे ०.२६ ओहम. धारेचा वर्ग करून गुणा: ६० वॅट. ती वायर गादीखाली किंवा गुंडाळी करून ठेवलेली असेल तर ही उष्णता बाहेर पडायला वाट नाही. रॉड आणि ब्लोअर एका वायरीवर लावू नका, आणि जाड पिनेचा प्लग बारीक पिनेच्या सॉकेटला जोडणारा कन्व्हर्टर खोलीतून काढून टाका.

घरमालकाशी बोलायचे असेल तर 'बोर्ड खराब आहे' असे म्हणून सहसा भागत नाही. दोन सॉकेटचे व्होल्ट, अँपिअर आणि काढलेले ओहम कागदावर लिहा, तारीख घाला आणि तो कागद मालकाच्या हातात द्या. परवानाधारक वायरमन बोलवायला सांगा आणि त्याने जोड क्रिम्प करून, स्क्रू आवळून दिल्यावर तोच प्रयोग त्याच्यासमोर पुन्हा करा. खोली घेताना भाडे आणि पाणी विचारता, तसे हेही मोजून घ्या.